रिपोर्ट नॉर्मल आला

माणसाला हात मोडून घ्यायचाच असेल तर निदान चारचौघांत सांगण्यासारखं काहीतरी करावं. जिन्यावरून गडगडावं, चालत्या बसमधून उडी मारावी. धाकटे मास्तर पडले ते वीतभर उंचीच्या स्टुलावरून, वरच्या फळीवरचं अस्तराचं कापड काढताना. पडले म्हणण्यापेक्षा उतरताना चुकले. पण उठून बसले तेव्हा डावं मनगट भलतीकडेच वळलेलं होतं, आणि ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक एका बाहीचा कोट अंगात घालून "एवढ्याशानं?" म्हणत त्यांच्याकडे बघत राहिलं.

हाडांच्या डॉक्टरलाही तेच कोडं पडलं. आदल्या वर्षी याच माणसाची बरगडी नुसत्या खोकल्यानं तडकली होती. त्यानं एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "मास्तर, वय एकोणचाळीस आणि हाडं सत्तरीची. हे काही बरोबर नाही." मग प्लास्टर घालून, चिठ्ठी देऊन त्यानं त्यांना हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

धाकटे मास्तर म्हणजे थोरल्या मास्तरांचे एकुलते चिरंजीव. बापलेकांचं शिवणकामाचं दुकान होतं: दोन आरसे, एक कटिंगचं टेबल, तीन मशिनं. थोरल्यांचं नाव असं की पाठीला पोक असलेला माणूस त्यांचा कोट घालून बाहेर पडला की ओळखीचे लोक त्याला आधी ओळखायचेच नाहीत. "देव माप चुकतो, शिंपी सांभाळून घेतो," हे त्यांचं लाडकं वाक्य, ते ऐकून ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले होते. धाकटे म्हणजे दुकानाची चालतीबोलती जाहिरात. सहा फूट दोन इंच उंची, रुंद खांदे, सपाट छाती. कोट घालून दारात उभे राहिले की रस्त्यावरचा माणूस आत यायचा. ही रुंदी आणि ही सपाटी कॅनव्हासची नि पॅडची होती, हे बापलेकांनाच ठाऊक. बायकोलाही ठाऊक होतं म्हणा, पण ती पोस्टात खिडकीवर बसायची, माणसाच्या अंगावरून त्याची किंमत करायची सवय तिला नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना शर्ट काढायला लावला, भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन्ही हात आडवे पसरायला सांगितले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत टेप लावला. टेप ढिला होता. मास्तरांना राहवेना.

"बाई, ताणून धरा. असं धरलंत तर इंचभर जास्त येईल."

"ताणला तरी उंचीपेक्षा जास्तच भरतोय," बाई म्हणाल्या, आणि खाली वाकून त्यांनी पायांचं माप घेतलं. मग पडद्याआड उरलेली तपासणी झाली. तेवढा वेळ मास्तर छताकडे बघत होते. छताला एक पंखा होता आणि तो बंद होता.

"छाती अशी कधीपासून आहे?"

"चौदा-पंधरापासून."

"इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरला दाखवली नाहीत?"

"वडील शिंपी आहेत," मास्तर म्हणाले. त्यांना हे उत्तर अगदी पुरेसं वाटलं होतं. बाईंनी मान वर करून पाहिलं तेव्हा कुठे त्यांना ते ऐकू आलं.

"दाढी?"

"आठवड्यातून एकदा. एकदासुद्धा जास्तच होते."

"मुलं?"

"नाहीत. बायकोत दोष आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडातून असं सफाईनं निघालं, की त्याला नऊ वर्षांची इस्त्री आहे हे कुणालाही कळावं. बाईंनी ते लिहून घेतलं, रक्त काढायला सांगितलं आणि दुसऱ्याही एका तपासणीचा कागद हातात दिला. या वेळी मास्तरांनी ती तपासणी मुकाट्यानं केली. मोडलेला हात घेऊन पळून तरी कुठे जाणार?

तीन आठवड्यांनी बाईंनी त्यांना समोर बसवून नीट समजावलं. माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. शेवटची जोडी बाईची एक्स-एक्स, पुरुषाची एक्स-वाय. मास्तरांच्यात एक एक्स जादा होता. एक्स-एक्स-वाय.

"हे जन्माच्या आधीच ठरतं. यात तुमचं काही चुकलेलं नाही, आईवडिलांचंही नाही. सहाशे-सातशे पुरुषांमागे एखादा असा असतो. पुष्कळांना मरेपर्यंत कळतही नाही."

"म्हणजे मी अर्धा बाई?"

"अजिबात नाही. तुम्ही पुरुषच आहात. पुरुषाचं हॉर्मोन तुमच्यात कमी बनतं, एवढंच. म्हणून हातपाय लांब, दाढी विरळ, छाती अशी, हाडं ठिसूळ. आपण इंजेक्शनं सुरू करू, हाडं सावरतील. पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू झाली असती तर कदाचित हा हात मोडलाही नसता."

"आणि मूल?"

"तुमच्या तपासणीत एकही शुक्रजंतू दिसला नाही. काही जणांच्यात छोटं ऑपरेशन करून सापडतात. तरुणपणी शक्यता जरा बरी असते. आता, बघू." कापड कमी पडणार हे दिसत असताना गिऱ्हाइकाला मास्तर असंच "बघू" म्हणायचे. त्यांना त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता.

बाईंनी कागद उलटून पाहिला. "बायकोच्या तपासण्यांत काय दोष निघाला होता?"

"काही नाही. म्हणजे, अजून सापडलेला नाही."

"आणि तेव्हा तुमची तपासणी?"

टेबलावर पेनांचा डबा होता. मास्तरांनी त्यातली पेनं मोजली. सात होती.

"केली नाही," ते म्हणाले. नऊ वर्षांत हे खरं त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं, तेही एका परक्या बाईसमोर.

झालं होतं ते असं. लग्नाला दुसरं वर्ष लागलं तशी बायको डॉक्टरकडे गेली. त्या डॉक्टरनं शहाण्यासारखं सांगितलं, आधी नवऱ्याची तपासणी, सोपी आहे, एका दिवसात होते. मास्तर लॅबमध्ये गेले. तिथल्या माणसानं त्यांच्या हातात एक छोटी बाटली ठेवली आणि एक दार दाखवलं. मास्तर बाटली खिशात घालून बाकावर वीस मिनिटं बसले. आपल्या शर्टाखाली काय आहे आणि पँटीखाली काय नाही, हे चौदाव्या वर्षापासून त्यांना ठाऊक होतं. ते कागदावर आलं की संपलं. मग ते उठले, बाटली बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, घरी आले आणि म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आला."

बायकोनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? जो माणूस बाही दोऱ्याइतकी कमीजास्त झाली तर अख्खी उसवतो, तो खोटं कशाला बोलेल? कागद कुठाय म्हणून डॉक्टरनं विचारलं तर तिनं सांगितलं, घरी राहिला, पण नॉर्मल आहे. बाहेर पेशंटची रांग लागलेली. डॉक्टरनं फाइलीत लिहिलं, पती नॉर्मल. पुढच्या डॉक्टरनं त्या फाइलीवरून उतरवून घेतलं, त्याच्या पुढच्यानं त्याच्यावरून. नऊ वर्षांत चार डॉक्टर झाले, आणि मास्तर चारही ठिकाणी नॉर्मल राहिले. बायकोच्या पोटाला दोनदा भोकं पाडून दुर्बीण घातली गेली. काही सापडलं नाही म्हणून गोळ्या दिल्या, त्यांनी तिचं तोंड सुजलं, केस गेले, खिडकीवर बसून ती रडायला लागली की पोस्टातले लोक शेजारच्या रांगेत जायचे. मास्तरांना वाईट वाटायचं. खरंच वाटायचं. ते तिला शाली शिवून द्यायचे.

दवाखान्यातून ते थेट दुकानात गेले. थोरले मास्तर कटिंगच्या टेबलाशी बसले होते. वय शहात्तर, डोळ्यांनी दगा दिलेला, पण कापडावरून हात फिरवून उभा-आडवा धागा ओळखायचे. धाकट्यांनी दार लोटून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं खडू खाली ठेवला.

"काहीतरी आहे हे मला ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं."

"कधीपासून?"

"तू चौदाचा असताना. तुझी पँट तीन महिन्यांत दोनदा लांब करावी लागली. शर्टाची उंची मात्र तीच. पोरं वाढतात ती वरखाली दोन्हीकडे वाढतात. आणि छातीला घेर. मी हजार पोरांची मापं घेतली होती, मला कळणार नाही होय?" त्यानं टेबलावरचं कापड हातानं सारखं केलं. "शाळेत तपासणीला डॉक्टर आला होता त्या साली. त्यानं मला बोलावून चिठ्ठी दिली. मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाला."

"मग?"

"मग काय. तुला टेबलावर उभं केलं आणि माप घेतलं. दोन खिसे, वर झापा, आत दुहेरी कापड. तुला आठवतो तो शर्ट? पोरं तुला शिडी म्हणायची तेवढंच. दुसरं काही म्हणाली का कधी?"

"नाही."

"चार डॉक्टरांसमोर पोराला उघडं करायचं, त्याची गावभर बोंब व्हायची. मी म्हटलं, हे दवाखान्याचं काम नाही, हे माझं काम आहे. आणि मी ते चांगलं केलं." शेवटच्या वाक्यात अजून अभिमान होता. अंगात काही बसत नसेल तर कापडाचं बघायचं, अंगाचं नाही, हे त्यानं साठ वर्षं केलं होतं. मुलाच्या बाबतीत वेगळं करायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

धाकट्यांना राग आवरेना. "चांगलं केलंत? बाबा, माझा हात मोडला. तिची दोन ऑपरेशनं झाली. आत्या तिला नाही नाही ते बोलली, तुम्ही तिथे बसून ऐकलंत."

"हात माझ्यामुळे मोडला, कबूल," म्हातारा म्हणाला. "पण ऑपरेशनं माझ्या माथी मारू नकोस. ते तू केलंस. मी फक्त कपडे शिवले. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणालास, तेव्हा मला वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी आपलं माप चुकलं. इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी, तुला काय सांगू."

दुकानाच्या दारावर कुणीतरी टकटक करत होतं, ते धाकट्यांनी तसंच करू दिलं.

"तिला सांगणार आहे मी."

"नको सांगू. इतकी वर्षं निभलं. ती काही म्हणतेय का? नाही ना. मग शिवलेलं कशाला उसवतोस?"

पण मास्तरांनी सांगितलं. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं, कारण पुढे देण्यासारखं फारसं काही नाही. बायको पोस्टातून येऊन चहा ठेवत होती. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि आधी गुणसूत्रांचं सांगितलं, मग बाटलीचं. बाटलीपाशी आल्यावर तिनं गॅस बंद केला. चहा झालेला नव्हता.

"कधी गेला होतात लॅबमध्ये?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"म्हणजे पहिल्या ऑपरेशनच्या आधी."

"हो."

"दुसऱ्याच्याही."

"हो."

"आत्यांच्या नातीला मी मांडीवर घेतलं आणि त्यांनी 'दे इकडे, तुझ्या हातात नको' म्हणून ती ओढून घेतली, त्याच्याही आधी. तुम्ही तिथेच बसला होतात. केळं सोलत होतात."

"हो," मास्तर म्हणाले. केळ्याचं त्यांना आठवत नव्हतं, पण असणार.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग बोलली ती अगदी खिडकीवर बोलतात तशी, एकेक शब्द सुटा. "तो जादा एक्स की काय, तो तुम्ही मागून आणला नाही. त्याचं मला काही नाही. त्याच वर्षी सांगितलं असतंत तर तुमचा हात धरून मी दवाखान्यात आले असते. मूल दत्तक घेतलं असतं, नाहीतर दोघंच राहिलो असतो, काय बिघडलं असतं? पण हे दुसरं तुम्ही स्वतः केलंत. आणि एकदा नाही. मला प्रत्येक वेळी दवाखान्यात सोडायला आलात ना, त्या प्रत्येक वेळी केलंत."

"माझं चुकलं."

"ते मला सांगून काय उपयोग? मला आता ठाऊकच आहे. उद्या आत्यांकडे सगळे जेवायला जमणार आहेत. तिथे सांगा. आजाराचं सांगायचं की नाही ती तुमची मर्जी, तो तुमच्या शरीराचा प्रश्न आहे. पण तपासणी केलीच नव्हती आणि केली म्हणून मला सांगितलं, हे सांगायचं. ज्यांनी मला ऐकवलं त्यांच्यासमोर. तेवढं एक केलंत तर पुढचं माझं मी बघेन, तुमच्याबरोबर राहून बघेन. नाही केलंत तर मला विचारू नका."

मास्तर हो म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या घरी चौदा माणसं होती. आत्या म्हणजे थोरल्या मास्तरांची धाकटी बहीण, जिभेला हाड नसलेली आणि मनानं, तिच्याच मते, लोण्याहून मऊ. पानं मांडायच्या आधी मास्तर उभे राहिले. गळ्यात हात अडकवलेला, अंगात राखाडी कोट. म्हणाले, "मला काही सांगायचंय." आणि आजार सांगितला. तो त्यांनी चांगला सांगितला, डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसा, तेवीस जोड्यांपासून. "मूल झालं नाही ते माझ्यामुळे," असंही ते म्हणाले, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या बायकोनं पहिल्यांदाच मान वर केली.

मग आत्या उठली, मास्तरांपाशी आली आणि एवढ्या उंच माणसाचं डोकं खाली ओढून तिनं आपल्या खांद्यावर घेतलं.

"अरे माझ्या लेकरा. एवढं एकट्यानं सोसलंस? देवाची करणी, त्यात तुझा रे काय दोष?"

झालं, तिथून जो तो सुरू झाला. एक मेहुणा म्हणाला, हल्ली यावर फार चांगली औषधं निघालीत. चुलतभावानं पाठीवर हात ठेवला. वहिनी डोळे पुसायला लागली. आत्यानं मान वळवून बायकोला सांगितलं, "आता तूच सांभाळायचं गं याला. पुरुषाच्या जातीला असलं जिव्हारी लागतं. यावरून कधी टाकून बोलू नकोस हो." नऊ वर्षं या खोलीत दोष हा शब्द किती वेळा निघाला असेल याची गणती नाही, पण त्यात तुझा काय दोष, हे तिला एकदाही कुणी म्हणालं नव्हतं. ते मास्तरांच्या वाट्याला पहिल्या पाच मिनिटांत आलं.

आणि खरं सांगायचं तर मास्तरांना ते गोड लागलं. चौदाव्या वर्षापासून ज्याची भीती घेऊन ते जगले, ते घडलं होतं आणि कुणी हसलं नव्हतं. उलट सगळे कधी नव्हे ते प्रेमानं बोलत होते. त्यांचे डोळे भरून आले, आत्याच्या खांद्यावर त्यांनी ते वाहू दिले. तेवढ्यात बायकोचा आवाज आला.

"अजून अर्धं राहिलंय. तपासणीचं सांगा."

"कसली तपासणी?" आत्यानं विचारलं.

"लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षीची. यांचा रिपोर्ट नॉर्मल आला होता, आठवतंय ना? तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात."

"हो की," आत्या म्हणाली. तिनं मास्तरांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मग तो कसा रे नॉर्मल आला?"

चौदा माणसं बघत होती. थोरले मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत पुढे झुकले होते, दिसत नसतानाही. बायको एक पाऊल पुढे आली होती. अडखळले तर शब्द सुचवावा इतक्या जवळ. मास्तरांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं, रात्री झोपताना आणि सकाळी उठताना पाठ केलेलं. त्यांनी तोंड उघडलं. आत्याचे हात उबदार होते.

"तेव्हा लॅबवाल्यांनीच काहीतरी घोळ घातला असणार," ते म्हणाले.

"मेल्यांना लाजा नाहीत," आत्या म्हणाली. मेहुण्यानं लगेच दुसऱ्या एका लॅबची गोष्ट काढली, त्यांनी कुणाचं तरी रक्त कुणाच्या तरी नावावर लावलं होतं. प्रत्येकाकडे एकेक गोष्ट होती. खोलीत पुन्हा आवाज सुरू झाला. थोरल्या मास्तरांनी पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

बायकोनं आत जाऊन पर्स घेतली, चपला घातल्या.

"सावकाश जेवून या," ती मास्तरांना म्हणाली, "मी निघते."

"बघा, हिचा लगेच पापड मोडला," आत्या म्हणाली. "आधीच पोर दुखावलंय, आजच्या दिवस तरी धीर धरायचा होता."

मास्तरांनी मागोमाग जायला हवं होतं. ती जिना उतरत होती, तिच्या चपलांचा आवाज वरपर्यंत येत होता, आणि त्यांचे पाय चांगले लांब होते, सहज गाठता आलं असतं. पण आत्यानं पान वाढलं होतं, मोडलेला हात डावा असूनही वहिनीनं घास लहान करून ठेवले होते, आणि सगळे त्यांची वाट बघत थांबले होते. मास्तर पानावर बसले आणि पोटभर जेवले.